दुसऱ्याच्या तोंडाने बोललेला माणूस लिहायला बसतो तेव्हा

घोटीत व्याख्यानाला यायचं तर दोन गोष्टी आधीच मान्य करून टाकाव्या लागतात. पाऊस वक्त्यापेक्षा मोठ्यानं बोलणार, आणि महामार्गावरचा ट्रक नेमका आपल्या महत्त्वाच्या वाक्यावर हॉर्न वाजवणार. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आजचा विषय मी निवडलेला नाही. मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका तरुण श्रोत्याने मला विचारलं, "सर, हे मोठमोठ्या नेत्यांचे माध्यम सचिव असतात ना, ते पदावर असताना एक सांगतात आणि पद गेलं की पुस्तकात दुसरंच लिहितात. मग खोटं नेमकं केव्हा बोलले? तेव्हा की आता?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर तो प्रश्न काही पाठ सोडेना. का सोडेना, ते शेवटी सांगतो. त्यात माझाही थोडा हिशोब आहे.

आधी हे पद काय आहे ते बघू. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचा माध्यम सचिव जवळजवळ रोज पत्रकारांसमोर उभा राहतो. प्रश्न राष्ट्राध्यक्षांना विचारलेले असतात, उत्तरं हा देतो. तो "आम्ही" म्हणतो तेव्हा त्यात तो स्वतः किती आणि राष्ट्राध्यक्ष किती, हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे राष्ट्रपतींनाही माध्यम सचिव असतो. डॉ. अब्दुल कलाम यांचे माध्यम सचिव एस. एम. खान यांनी पुढे कलामांवर पुस्तक लिहिलं. पण आपले राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख, म्हणून त्या खुर्चीवर रोजचा मारा होत नाही. तो होतो पंतप्रधानांच्या माध्यम सल्लागारावर. त्यामुळे आपल्याकडची खरी तुलना तिथे करावी लागते.

घोटीच्या माणसाला हे काम भाताच्या गिरणीवरून चटकन कळेल. शेतातून आलेलं भात गिरणीत जातं आणि दुसऱ्या तोंडातून पांढरा तांदूळ बाहेर पडतो. तूस, कोंडा, कणी सगळं आतच राहतं. माध्यम सचिव म्हणजे ती गिरणी. आत झालेलं भांडण, शंका, माघार, कुणाचा हट्ट, कुणाची झोप उडालेली, हे सगळं आत ठेवायचं आणि बाहेर स्वच्छ वाक्य द्यायचं. वर्षानुवर्षं कोंडा साठत जातो. आठवणींच्या पुस्तकात बहुतेक वेळा हा कोंडाच विकला जातो. आता कोंडा निरुपयोगी नसतो हे इथं कुणाला सांगायला नको. त्याचं तेल निघतं, ढोरं खातात. पण तो तांदूळ म्हणून विकला तर पंचाईत.

आता थोडं न्यायदर्शन. घाबरू नका, थोडंच. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली, आणि त्यातलं चौथं म्हणजे शब्द. सांगणाऱ्यानं सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, हे ज्ञान आहे का? ते म्हणाले, आहे, पण सांगणारा आप्त असला पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने आप्ताची जी ओळख दिली आहे ती मला फार आवडते. ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू. म्हणजे कुळ, पद, वेष यांचा संबंध नाही. दोनच अटी: माहीत असणं, आणि तसंच सांगायची इच्छा असणं.

या दोन अटी माध्यम सचिवाला लावून बघा. आत काय ठरलं हे त्याला पूर्ण माहीत असेलच असं नाही. पुष्कळदा मुद्दाम सांगितलेलं नसतं, म्हणजे त्याला ते "प्रामाणिकपणे" नाकारता यावं. आणि जे माहीत आहे ते जसंच्या तसं सांगणं हे तर त्याचं कामच नाही. म्हणजे दोन्ही अटींवर हा माणूस लंगडा. तरीही सगळा देश त्याच्या शब्दावर विसंबतो.

आता एका माणसाची गोष्ट जरा सावकाश सांगतो. नाव जेराल्ड टरहॉर्स्ट. डेट्रॉइट न्यूज या वृत्तपत्राचे वॉशिंग्टनमधले प्रमुख. जेराल्ड फोर्ड १९४८ साली पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले तेव्हापासून, म्हणजे दोघंही तरुण असल्यापासून, टरहॉर्स्ट त्यांच्या बातम्या देत होते. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन यांना वॉटरगेटपायी पायउतार व्हावं लागलं, फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांनी माध्यम सचिव म्हणून या जुन्या ओळखीच्या पत्रकाराला बोलावलं. सगळ्यांना हायसं वाटलं. निक्सनच्या काळात त्या व्यासपीठावरून इतकं खोटं सांगितलं गेलं होतं की आता एक सरळ माणूस तिथे उभा आहे, एवढंच पुरेसं होतं.

मग सप्टेंबर उजाडला. निक्सनना माफी मिळणार का, असं पत्रकार विचारू लागले. आतून मिळालेल्या उत्तरांवर विसंबून टरहॉर्स्ट यांनी तसं काही नसल्याचं सांगितलं. आणि ८ सप्टेंबरला, रविवारी, फोर्ड यांनी निक्सनना संपूर्ण माफी दिली. टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पद मिळून पुरता महिना झाला होता. पत्रात त्यांनी सांगितलेलं कारण सदसद्विवेकाचं होतं. व्हिएतनामच्या युद्धाला जायला विवेकापोटी नकार देणाऱ्या तरुणांना माफी नाही, आणि ज्याच्यावर अजून आरोपपत्रही ठेवलेलं नाही त्या माजी राष्ट्राध्यक्षाला आधीच माफी, याचं समर्थन मला जगासमोर करता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

इथे दोन गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत, त्या सोडवून घेऊ. एक, माफीचा निर्णय बरोबर की चूक. दोन, हा निर्णय होत असताना त्यांच्या तोंडून उलटं वदवून घेतलं गेलं. पहिल्या मुद्द्यावर काळानं फोर्डना बरंच माफ केलं. २००१ साली केनेडी ग्रंथालयाच्या प्रतिष्ठानानं त्यांना धैर्याचा पुरस्कार दिला तो याच निर्णयासाठी. म्हणजे आज कुणी म्हणेल, टरहॉर्स्ट चुकले, माफी देशाच्या हिताची होती. मान्य करू घटकाभर. पण दुसरा मुद्दा त्यानं सुटत नाही. निर्णय बरोबर असला तरी त्यांनी दिलेला शब्द खोटाच ठरला होता. आणि ज्या खोलीत तो दिला, ज्या माणसांना दिला, त्यांच्या समोरच त्यांनी तो निकालात काढला. तीन वर्षांनी नाही, प्रकाशकाशी करार झाल्यावर नाही, त्याच रविवारी.

फोर्ड यांच्यावरचं त्यांचं पुस्तकही १९७४ मध्येच आलं. पुढे १९७९ साली राष्ट्राध्यक्षांच्या विमानाबद्दल त्यांनी एका सहलेखकाबरोबर एक पुस्तक लिहिलं. पण माझ्या मते त्यांचं टिकलेलं लेखन म्हणजे ते राजीनाम्याचं पत्र. जेमतेम एक पान असेल. बाकीची पुस्तकं ग्रंथालयात सापडतात, ते पत्र अजून उदाहरणात सापडतं.

त्यांच्यासमोर स्कॉट मॅक्लेलन यांना ठेवा. धाकट्या जॉर्ज बुश यांचे माध्यम सचिव, जुलै २००३ ते एप्रिल २००६. एका गुप्तहेर महिलेचं नाव सरकारातल्या कुणीतरी पत्रकारांना फोडलं, असं ते प्रकरण होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये मॅक्लेलन यांनी व्यासपीठावरून ठामपणे सांगितलं की कार्ल रोव्ह आणि लुईस लिबी यांचा त्यात हात नाही. त्या दोघांनी तसं सांगितलं होतं, यांनी विश्वास ठेवला. २००५ च्या जुलैत उघड झालं की रोव्ह पत्रकारांशी त्याबद्दल बोलले होते. मॅक्लेलन त्यानंतरही नऊ महिने पदावर राहिले. २००८ मध्ये पुस्तक आलं. नकळत मी खोटी माहिती पुढे दिली आणि ती द्यायला वरचे लोक कारणीभूत होते, असं त्यात त्यांनी लिहिलं. खूप खपलं ते पुस्तक. जुने सहकारी म्हणाले, हे तेव्हा का नाही बोललास?

तरुण मित्राचा प्रश्न हाच आहे. खोटं केव्हा? शास्त्र काटेकोरपणे लावलं तर उत्तर असं येतं. ऑक्टोबर २००३ मध्ये ते चुकीचं बोलले, पण खोटं बोलले नाहीत. फसवण्याचा हेतू असेल तरच खोटं, हे पश्चिमेत संत ऑगस्टीनपासून मानतात. पण जुलै २००५ नंतर त्यांना कळलं होतं, आणि ते गप्प राहिले. ती नऊ महिन्यांची चुप्पी कुठल्या खात्यात मांडायची? मला विचाराल तर सगळा प्रश्न त्या नऊ महिन्यांत आहे. आधीच्या वाक्यातही नाही, नंतरच्या पुस्तकातही नाही.

यापेक्षा अडचणीचं प्रकरण लॅरी स्पीक्स यांचं. रेगन यांच्या माध्यम सचिवाला, जेम्स ब्रेडी यांना, १९८१ च्या हल्ल्यात गोळी लागली. त्यानंतर व्यासपीठाचं काम स्पीक्स यांनी सांभाळलं. १९८८ मध्ये आठवणी लिहिल्या आणि त्यात एक कबुली देऊन टाकली: जिनिव्हात १९८५ साली गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर शिखर परिषद झाली तेव्हा रेगन यांच्या नावावर दिलेली काही वाक्यं मी स्वतः रचली होती. राष्ट्राध्यक्ष ती बोललेच नव्हते. केवढा गहजब झाला! तेव्हा ते एका मोठ्या वित्तसंस्थेत नोकरीला होते, ती सोडावी लागली.

ही हकिकत वाचली तेव्हा मला आपली बाळाजी आवजींची आख्यायिका आठवली. तुम्ही शाळेत ऐकलेली असेल. महाराजांनी पत्र लिहायला सांगितलं होतं, चिटणिसांकडून राहून गेलं. महाराज म्हणाले, वाचा. बाळाजींनी कोरा कागद हातात धरला आणि घडाघडा पत्र वाचून दाखवलं. महाराजांना कळलं तेव्हा रागावण्याऐवजी ते खूष झाले. आख्यायिकाच आहे, इतिहास म्हणून मी सांगत नाही. पण ती आपण कौतुकाने सांगतो आणि स्पीक्सच्या नावाने बोटं मोडतो, हे काय? फरक आहे. बाळाजी जे वाचत होते ते ज्याचं पत्र त्याच्याच समोर वाचत होते. मालकाला "हे माझं नाही" म्हणायची सोय होती. स्पीक्स यांनी वाक्य रचलं ते मालकाच्या पाठीमागे आणि जगासमोर. रचणं दोघांचंही, पण एकात तपासणारा हजर आहे.

जॉर्ज रीडी यांच्याबद्दल थोडक्यात. लिंडन जॉन्सन यांचे माध्यम सचिव. १९७० साली त्यांनी पुस्तक लिहिलं, पण त्यात कोण काय म्हणालं याची चटकदार यादी नाही. राष्ट्राध्यक्षाच्या भोवती हळूहळू दरबार कसा तयार होतो, त्याला "नाही" म्हणणारा माणूसच कसा उरत नाही, याचं ते विवेचन आहे. एका माणसाविषयीचा राग न काढता पदाविषयी लिहिणं हा एक मार्ग आहे, आणि तो फार थोडे जण घेतात. अर्थात तो कमी खपतो.

आणि पिएर सॅलिंजर. केनेडींचे माध्यम सचिव, लहानपणी पियानोत चमकलेला मुलगा, काही महिने सिनेटर, नंतर कादंबऱ्याही लिहिल्या, दूरचित्रवाणीवर नावाजलेले वार्ताहर. केनेडींची हत्या झाली तेव्हा हे मंत्रिमंडळातल्या काही सदस्यांबरोबर जपानकडे निघालेल्या विमानात होते. असा मुरलेला माणूस, १९९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ एक प्रवासी विमान कोसळलं तेव्हा ते नौदलाच्या क्षेपणास्त्रानं पाडलं असा दावा घेऊन पुढे आला. आधार काय, तर एक कागद, जो इंटरनेटवर आधीच फिरत होता. ऑनलाइन श्रोत्यांसाठी मी हे मुद्दाम सांगतो. आप्त म्हणून मिळवलेली पत आयुष्यभर पुरत नाही. प्रत्येक वाक्याला दोन्ही अटी नव्यानं लागतात.

आता घरी येऊ.

एच. वाय. शारदा प्रसाद हे नाव किती जणांना माहीत आहे? दोन हात. ठीक. मूळचे कर्नाटकातले. बेचाळीसच्या आंदोलनात विद्यार्थी असताना तुरुंगात गेले. पत्रकारितेची सुरुवात मुंबईत, इंडियन एक्सप्रेसमध्ये. योजना मासिकाचे संपादक. आणि मग इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार, पुढे राजीव गांधींचेही. म्हणजे बांगलादेशाचं युद्ध, आणीबाणी, पराभव, पुनरागमन, हत्या, सगळं त्यांनी आतून पाहिलं. प्रकाशक त्यांच्यामागे किती लागले असतील, कल्पना करा. २००३ साली त्यांचं पुस्तक आलं, आणि त्याच्या नावाचाच अर्थ होता: जे पुस्तक मी लिहिणार नाही ते, आणि इतर निबंध. नावातच नकार!

मला या नकाराचं पूर्वी फार कौतुक होतं. आता थोडं कमी आहे, आणि का ते सांगतो. विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, हा मोठा धर्म आहे. पण आणीबाणीत घरी बसवल्या गेलेल्या संपादकाला, तुरुंगात गेलेल्या शिक्षकाला त्या कचेरीत काय चाललं होतं हे जाणून घ्यायचा काही हक्क आहे की नाही? एकाचा विश्वास पाळताना दुसऱ्याचं देणं बुडतं. शारदा प्रसाद २००८ मध्ये गेले. गंमत बघा, त्यांच्या पश्चात जे प्रसिद्ध झालं ती त्यांची एकोणीस वर्षांचे असतानाची तुरुंगातली रोजनिशी. कैदेतला मुलगा सगळं लिहून ठेवत होता, आणि सत्तेशेजारचा प्रौढ माणूस मौन पाळत होता.

त्याच्या नेमकं उलट संजय बारू. मनमोहन सिंगांचे माध्यम सल्लागार, २००४ ते २००८. पुस्तक आलं एप्रिल २०१४ मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना, मालक अजून खुर्चीवर असताना. पंतप्रधान कार्यालयानं तीव्र नाराजीचं निवेदन काढलं. पुढे त्यावर चित्रपटही निघाला. पुस्तकातली माहिती खरी की खोटी हा वाद मी करत नाही. पण वेळ ही सुद्धा विधानाचा भाग असते. आवणीच्या दिवसांत सावकार दारात आला, तर तो काय मागतो यापेक्षा केव्हा आला हेच जास्त बोलतं.

आणि या दोघांच्या मधला एक मराठी माणूस आहे, त्याचा धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. राम प्रधान. ते माध्यम सचिव नव्हते, खाजगी सचिव होते, पण शेजारची खुर्ची तीच. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून मार बसल्यावर नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा म्हणत. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. इथल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल. त्या काळात चव्हाणांचे खाजगी सचिव प्रधान होते. पुढे ते देशाचे गृहसचिव झाले. आसाम करारावर, मिझोराम करारावर त्यांची सही आहे. नंतर अरुणाचलचे राज्यपाल.

प्रधानांनी बरीच पुस्तकं लिहिली. राजीव गांधींबरोबर केलेल्या कामाचं १९९५ मध्ये आलं, म्हणजे राजीव गेल्यावर चार वर्षांनी. पण मला सांगायचं आहे ते २००७ चं. १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत चव्हाणांनी स्वतःसाठी रोजची टिपणं लिहून ठेवली होती. १ सप्टेंबरला छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले, त्याच दुपारी चव्हाणांनी हवाई दलाला उड्डाणाची परवानगी दिली, तिथपासून २३ सप्टेंबरच्या युद्धविरामापर्यंतचे ते दिवस. ती रोजनिशी प्रधानांनी भाष्यासह प्रसिद्ध केली. युद्धाला बेचाळीस वर्षं झाली होती, चव्हाणांना जाऊन तेवीस. इथे सचिवानं स्वतःची आठवण पुढे केली नाही, मालकाचा त्या त्या दिवशीचा शब्द पुढे केला आणि आपण शेजारी उभा राहिला. वात्स्यायनाच्या भाषेत, ज्याने स्वतः जाणलं त्यालाच बोलू दिलं.

बेचाळीस वर्षं फार झाली, असं कुणी म्हणेल. म्हणावंच. कारण दुसरी बाजूही बघा. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, तो सरकारनं आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. कागद असे कुलूपबंद राहतात तेव्हा सचिवाच्या आठवणी हीच एक खिडकी उरते. आपल्याकडे १९२३ चा गोपनीयतेचा कायदा आहे. २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल करून गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतल्या निवृत्तांना, त्या कामाविषयी लिहायचं तर आधी परवानगी घ्यावी लागेल असं ठरवलं. खिडक्या कमी होत चालल्या आहेत. म्हणून चांगलं लिहिणारा सचिव आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

ही परंपरा आपल्याला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत वाकनीस होता, त्याचं काम दरबारची रोजची नोंद ठेवणं. आणि कृष्णाजी अनंत सभासद, महाराजांच्या पदरचा माणूस, यानं १६९७ मध्ये जिंजीला बखर लिहिली. महाराजांना जाऊन सतरा वर्षं झालेली. लिहायला सांगितलं राजाराम महाराजांनी, म्हणजे मुलाला वडिलांची हकिकत हवी होती. रायगड गेलेला, राज्य दक्षिणेत रेटून धरलेलं, अशा वेळी हा माणूस किल्ल्यांच्या, खजिन्याच्या याद्या आठवून आठवून लिहितो. त्या याद्या इतिहासकार आजही तपासून घेतात, आणि तपासायलाच हव्यात. पण त्यानं कुणासाठी लिहिलं हे आपल्याला पक्कं माहीत आहे.

मला वाटतं, तरुण मित्राच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. आपण विचारतो खरं केव्हा बोलला. त्याआधी विचारायला हवं, कुणाशी बोलला? व्यासपीठावरून जे खोटं सांगितलं ते काही विशिष्ट माणसांना सांगितलेलं असतं. त्यांनी त्यावर विसंबून काहीतरी केलेलं असतं. पुस्तक मात्र भलत्यालाच उद्देशून असतं, पुस्तकाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला. देणं एकाचं, फेड दुसऱ्याकडे. टरहॉर्स्टचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी ज्याचं त्यालाच परत केलं.

आता माझा हिशोब. मी ज्या महाविद्यालयात होतो त्याचं नाव सांगत नाही. तिथे दोन वर्षं वार्ताहरांशी आणि पालकांशी संस्थेच्या वतीनं बोलायचं काम माझ्याकडे होतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गाला मुलं कमी, म्हणून मोकळा माणूस मीच. एका पावसाळ्यात मुलांचं वसतिगृह बंद होणार अशी कुणकुण उठली. पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडची आदिवासी मुलं तिथे राहायची. मी वर विचारलं. मला सांगितलं, निर्णय झालेला नाही. मी बाहेर येऊन तेच सांगितलं. ऐन आवणीत काम टाकून आलेला एक बाप व्हरांड्यात उभा होता, डोक्यावर इरलं तसंच. त्याने मला विचारलं, "सर, तुम्ही सांगताय ना?" मी म्हटलं, हो. तो परत गेला. दुसरीकडे सोय बघायची ती त्यानं बघितली नाही.

निर्णय आठ दिवस आधीच झाला होता. ठराव लिहिलेला मी नंतर पाहिला. तोपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो, चुकीचं बोललो होतो. ठराव पाहिल्यानंतर मी राजीनामा दिला नाही. घर होतं, मुलीचं शिक्षण होतं, कारणं असतातच. एका वहीत सगळं तारखेनिशी लिहिलं, फार बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी तासाला गेलो. सहामाहीनंतर तो मुलगा वर्गात नव्हता. मॅक्लेलनचे नऊ महिने मी मघाशी फार तडफेनं मोजले ना? माझे एकोणतीस वर्षं झाले.

आता काही जुने विद्यार्थी म्हणतात, सर, आठवणी लिहा, संस्थेचा इतिहास लिहा. वही आहेच. ती छापली तर चार लोक वाहवा करतील, काय प्रांजळ माणूस म्हणून. हे सगळं आज बोलताना मला त्याचीच भीती वाटते, खरं सांगतो.

वेळ झाली. एखादा प्रश्न घेऊ. हो, मागच्या रांगेतल्या ताई.

(श्रोत्यांमधून प्रश्न: "सर, त्या मुलाच्या वडिलांना तुम्ही नंतर भेटलात का?")

नाही. गाव माहीत आहे मला. हजेरीपटावर होतं, वहीतही लिहिलेलं आहे. घोटीवरून वैतरण्याकडे गाडी जाते ना, त्याच रस्त्यावर. आज इकडे येताना फाट्यावरचा फलकही दिसला, पावसात अर्धा पुसलेला. ती गाडी सकाळी किती वाजता सुटते, ते मात्र मला इथं कुणीतरी सांगा.